चिंचेंतील अम्लाची वंशावळ

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील नांदुरा (जि. बुलढाणा) येथें, वऱ्हाडांत इतरत्र पडतो तसाच, आमटींत चिंचेचा कोळ पडतो. अमरकोशांत जिला तिंतिडी, चिंचा व अम्लिका हीं नांवें दिलीं आहेत तीच ही. तिच्या आंबटपणाचें मुख्य कारण टार्टरिक अम्ल. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत तळाशीं जो खार सांचतो त्यांतहि हेंच अम्ल असतें. अल्कोहोलवर्गीय द्रव्यें एकाच हाताचीं करण्याच्या ज्या रीति १९८० पासून प्रसिद्धीस आल्या, त्यांपैकीं तीन प्रमुख रीतींचा वंश या एका अम्लापर्यंत पोंचतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

येथें ‘हात’ म्हणजे काय, हें जुन्या कागदांच्या संग्राहकांस सहज कळेल. शिक्क्यावर अक्षरें उलटीं कोरलेलीं असतात. कागदावर तीं सुलटीं उमटतात. अक्षरें तींच, वळणेंहि तींच. परंतु एक रूप दुसऱ्यावर ठेवून जुळवूं म्हटल्यास जुळत नाहीं. कार्बनच्या अणूस चार भिन्न गट जोडले गेले म्हणजे रेणूचींहि अशींच दोन रूपें संभवतात. सामान्य रासायनिक कृतींत तीं समभाग उत्पन्न होतात. जिवंत शरीर मात्र त्यांत बहुधा भेद करतें. टार्टरिक अम्लांत अम्लगटांखेरीज दोन हायड्रॉक्सिल गट असल्यामुळें तें स्वतःहि एक अल्कोहोलच होय, आणि चिंचेंत तें एकाच हाताचें असतें.

या भेदाचा शोध याच अम्लाच्या क्षारावर लागला. १८४८ सालीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं सोडियम-अमोनियम टार्टरेटचे उजवे व डावे स्फटिक हातानें वेंचून निराळे केले. त्यांचे द्राव प्रकाशाची पातळी परस्परविरुद्ध दिशांस वळवितात असें आढळलें. १८७४ सालीं व्हांट हॉफ व ल बेल यांनीं स्वतंत्रपणें त्याची उपपत्ति कार्बनच्या चतुष्फलकी रचनेनें लाविली. परंतु वेंचणें ही निवड झाली, निर्मिति नव्हे; निवडींत अर्धा माल नको असलेल्या हाताचाच निघतो. उत्प्रेरकाची गोष्ट निराळी. तो टांकसाळींतील ठशासारखा आहे : ठसा एक, आणि त्याजवर पडणारीं नाणीं हजारों, सर्व एकाच वळणाचीं.

आतां शाखा पाहूं. पहिली शाखा शार्पलेस यांची. १९८० सालीं कात्सुकी व शार्पलेस यांनीं टायटॅनियमला टार्टरिक अम्लाच्या एस्टरची जोड देऊन अॅलिलिक अल्कोहोलापासून एकाच हाताचें इपॉक्सी-अल्कोहोल मिळविलें. या शोधास सरसकट १९८० हें साल देतात, त्यांत थोडी दुरुस्ती हवी. प्रारंभीं टायटॅनियम बहुधा मूळ द्रव्याच्या बरोबरीनें घ्यावें लागे. १९८६ सालीं रेणवीय चाळण्या घालून ओलावा शोषून घेतल्यावरच शेंकडा ५ ते १० भाग पुरूं लागला. म्हणजे रीतीचा जन्म १९८० चा असला तरी ती खरी उत्प्रेरकी झाली ती १९८६ सालीं.

दुसरी शाखा नोयोरी यांची. रुथेनियम व बायनॅप यांच्या योगानें कीटोनांस हायड्रोजन देऊन एकाच हाताचें अल्कोहोल करण्याची त्यांची रीति १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. बायनॅप कृत्रिम खरें. परंतु त्याचे दोन हात वेगळे करण्याच्या १९८६ च्या कृतींत डायबेन्झॉइल-टार्टरिक अम्लच वापरलें आहे. तिसरी जेकबसेन यांची, १९९७ ची. हींत कोबाल्टाचा उत्प्रेरक इपॉक्साइडाच्या एकाच हातास पाणी जोडून त्याचें द्वि-अल्कोहोल करतो. त्या उत्प्रेरकांतील डायअमीन टार्टरिक अम्लानेंच वेगळें केलेलें असतें. या रीतीच्या उपयोगांचें समालोचन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील (उद्घाटन ३ जानेवारी १९५०) प्रदीप कुमार व सहकारी यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें.

या वंशावळीचें मोल क्षयावरील इथॅम्ब्युटॉल या औषधावरून ध्यानीं येतें. हेंहि अल्कोहोलच. ‘याचा एक हात क्षय बरा करतो, दुसरा आंधळें करतो’ असें विधान वारंवार केलें जातें; तें जसेंच्या तसें ग्राह्य नाहीं. रोग्यास मिळणारें औषध केवळ दक्षिणवलनी असतें, तरीहि त्यानें दृष्टीच्या मज्जातंतूस अपाय होऊं शकतो. म्हणूनच डॉक्टर डोळ्यांची तपासणी करवितात. तेव्हां अंधत्वाचें सगळें खापर दुसऱ्या हातावर फोडतां येत नाहीं. खरें कारण असें कीं, क्षयजंतूंविरुद्धचें सामर्थ्य मुख्यतः एकाच हातांत आहे. दुसरा मिसळल्यास मात्रा वाढते, गुण वाढत नाहीं.

हें औषध करण्याच्या प्रचलित कृतींत अमिनोब्युटॅनॉल दोन्ही हातांचें बनवून टार्टरिक अम्लानें हवा तो हात वेगळा काढीत. म्हणजे पाश्चरांचीच निवड, चिमट्याऐवजीं अम्लानें केलेली. २००६ सालीं पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेंतील एस. पी. कोटकर व ए. सुदलाई यांनीं प्रोलीन हें अमिनो-अम्ल उत्प्रेरक घेऊन, मुळांत हात नसलेल्या अल्डिहाइडापासून हवा तोच हात घडविण्याची कृति प्रसिद्ध केली. येथें टार्टरिक अम्लाचा वंश सुटतो खरा, पण मूळ नियम सुटत नाहीं. कारण प्रोलीनहि सजीवांनींच एका हाताचें घडविलेलें आहे. ठसा बदलला, तरी तो आधीं कोणीतरी कोरलेला असावाच लागतो.