जुनी गाडी घेताना आधी आरसीवर बँकेचं नाव बघा

भायखळा, नागपाडा, मदनपुरा या आपल्या भागात बरीच कुटुंबं व्याजाचं कर्ज नको म्हणून पैसे साठवून जुनी गाडी रोखीने घेतात. नियत चांगली आहे. पण आपण कर्ज काढलं नाही म्हणून गाडी कर्जमुक्त ठरत नाही. आधीच्या मालकाचं कर्ज गाडीला चिकटून येतं. त्याचे हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, मग ती कुणाच्याही दारात उभी असो.

आमच्या ओळखीतल्या एका घरात हेच झालं. साडेतीन लाख रोख दिले, हातात आली आरसीची झेरॉक्स आणि "नाव महिन्याभरात करून देतो" हा वायदा. चौथ्या महिन्यात सकाळी बिल्डिंगखालून गाडी गेली. विकणाऱ्याचा फोन बंद.

गाडी कर्जावर असेल तर आरसीवर बँकेच्या नावाने हायपोथिकेशनची नोंद असते. साध्या भाषेत, गाडीवर बोजा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 51 नुसार ही नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. विकणारा "नाव नंतर बघू" म्हणतो तेव्हा अनेकदा अडचण हीच असते. मुखत्यारपत्र किंवा स्टॅम्पपेपरवरच्या करारानेही हा बोजा उतरत नाही.

म्हणून बयाणा देण्याआधी झेरॉक्सवर न भागवता मूळ आरसी बघावी, एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहावा, थकलेली चलनंही तपासावीत. कर्ज फिटलंय असं सांगितलं तरी नोंद आपोआप गेलीच असेल असं धरू नये. त्यासाठी बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 लागतो. आपल्याकडच्या एमएच-01 गाड्यांचं काम ताडदेव आरटीओकडे असतं.

कर्ज बाकी असेल तर सौदा मोडायलाच हवा असं नाही. विकणाऱ्याला घेऊन बँकेत जा, किती रक्कम भरली की खातं बंद होईल याचं पत्र घ्या आणि तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरा. उरलेले पैसे दाखला हातात आल्यावर. यात विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, सौद्याला साक्षीदार ठेवा, हे सूरह बकरहच्या आयत 282 मध्ये सांगितलं आहे. तरी ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपण लाजतो.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. यात विकणाऱ्याचाही फायदा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो.

आता गाडी ओढण्याबद्दल. करारात तसं कलम असेल तर बँकेला गाडी ताब्यात घेता येते, पण दमदाटी करून नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड वापरण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. माणसं आलीच तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, जबरदस्ती झाली तर 112 लावा, गाडीतलं स्वतःचं सामान काढून घ्या. मात्र बँकेचा हक्क खरा असेल तर फक्त आपण पैसे मोजले म्हणून गाडी आपल्याकडे राहत नाही. मग दावा उरतो तो विकणाऱ्यावर. कर्ज लपवून फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार करता येते. तिथे बँकेतून दिलेले पैसे दाखवता येतात, रोखीचे सिद्ध करणं फार जड जातं.

आरसीवर नाव चढलं की विम्यावरचं नावही बदलायला विसरू नका. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो.