नानकौरी बंदरातील दोन ठाणी : लहान नौदल तळ आणि बेटवासी समाज यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारताच्या आरमारी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने युद्धे, मोठी बंदरे व युद्धनौका यांच्या अनुषंगाने झालेले आहे. दूरवरच्या बेटांवरील लहान तळांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. मध्य निकोबारमधील कामोर्टा बेटावर १९७३ साली स्थापन झालेला आयएनएस कारदीप हा असाच एक तळ होय. विशेष म्हणजे याच बंदरात शतकभरापूर्वी ब्रिटिशांनी ठाणे वसविले होते आणि एकोणीस वर्षांत ते मोडलेही होते. या दोन ठाण्यांच्या तुलनेतून लहान तळाचे मोल कशावर ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बंदर आणि परकीय सत्ता

उत्तरेस कामोर्टा, दक्षिणेस नानकौरी व पूर्वेस त्रिंकेत या बेटांनी वेढलेले नानकौरी बंदर हे बंगालच्या उपसागरातील एक उत्तम नैसर्गिक बंदर आहे. वाऱ्या-वादळांपासून सुरक्षित असलेल्या या पाण्याकडे अनेक युरोपीय सत्ता आकृष्ट झाल्या. तरंगंबाडीच्या डॅनिश लोकांनी १७५६ मध्ये या द्वीपसमूहावर हक्क सांगितला. १७६८ ते १७८७ या काळात मोरेव्हियन मिशनऱ्यांनी नानकौरी बेटावर वस्ती केली. परंतु तापाच्या साथींनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला. १७७८ मध्ये ऑस्ट्रियानेही आपला झेंडा रोवून पाहिला. यांपैकी कोणाचाही जम बसला नाही. अखेर १८६८ मध्ये डेन्मार्कने आपला हक्क सोडला आणि १८६९ मध्ये ही बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात आली.

ब्रिटिशांचा हेतू मर्यादित होता. या भागात व्यापारी जहाजांवर होणारे हल्ले त्यांना थांबवावयाचे होते. त्यासाठी १८६९ मध्ये पोर्ट ब्लेअरहून कैदी आणून कामोर्ट्यावर ठाणे उभारण्यात आले. मलेरियाने ते सतत पोखरले आणि हल्ल्यांचा प्रश्न मिटताच १८८८ मध्ये ते उठविण्यात आले. या ठाण्याची नजर समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांवर होती, किनाऱ्यावरील माणसांवर नव्हती. जहाजे सुरक्षित होताच ठाण्याचे प्रयोजनही संपले.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वतंत्र भारताने १९५६ च्या नियमनाद्वारे येथील आदिवासी समाजांच्या जमिनींना संरक्षण दिले. १९६४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे आयएनएस जारवा कार्यान्वित झाला आणि १९७३ मध्ये कामोर्ट्यावर कारदीपची स्थापना झाली. नावातील साधर्म्यामुळे कार निकोबार येथील हवाई दलाच्या तळाशी त्याची गल्लत होऊ नये. पोर्ट ब्लेअरपासून कामोर्टा सुमारे ४०० किलोमीटर दूर असून मध्ये खवळणारी दहा अंश खाडी आहे. त्यामुळे दक्षिणेकडे गस्त घालणाऱ्या नौकांना येथील पुरवठ्याचा आधार महत्त्वाचा ठरतो. २००१ मध्ये तिन्ही सेनादलांची संयुक्त अंदमान-निकोबार कमांड अस्तित्वात आली.

त्सुनामीची कसोटी

दि. २६ डिसेंबर २००४ रोजीच्या भूकंपाने व त्सुनामीने निकोबारचा भूगोलच बदलला. जमीन खचली, नारळाच्या बागा व डुकरांचे कळप नष्ट झाले. त्रिंकेत बेटाचे तुकडे झाले आणि तेथील लोकांना कामोर्ट्यावर आश्रय घ्यावा लागला. कार निकोबारच्या हवाई तळाचीही मोठी हानी झाली. म्हणजे लाटांनी तळ आणि गाव असा भेद केला नाही. धक्के मोडल्यामुळे जहाजे किनाऱ्याला लागेनात. अशा वेळी थेट वाळूवर चढू शकणाऱ्या नौका आणि हेलिकॉप्टर हेच मदतीचे मुख्य साधन उरले. अंदमान-निकोबारमधील या मदतकार्यास नौदलाने 'ऑपरेशन सी वेव्ह्ज' असे नाव दिले होते. निकोबार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ४२,०६८ होती. २०११ मध्ये ती ३६,८४२ झाली. या घटीमागे त्सुनामीतील मनुष्यहानीचा मोठा वाटा आहे.

तथापि या समाजाकडे केवळ मदत घेणारा समाज म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. उलांडी लावलेल्या ज्या नौकेला निकोबारी लोक व्यवहारात 'होडी' म्हणतात, तिच्या बळावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बेटाबेटांत दळणवळण राखले. गावप्रमुखास 'कॅप्टन' म्हणण्याची तेथील प्रथा जहाजांशी चालत आलेल्या जुन्या व्यापाराची साक्ष देते. त्सुनामीत अनेक होड्या गेल्या आणि त्यांबरोबर बेटवासीयांचे स्वावलंबनही दुबळे झाले. बाहेरून आलेले धान्य व पत्र्याची घरे ही उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, लहान तळाचे मोल त्याच्या नौकांच्या संख्येपेक्षा त्याच्या वर्षभराच्या सान्निध्यावर अधिक अवलंबून असते. संकट आल्यावर शेकडो मैलांवरून येणारी मदत आणि आधीपासून त्याच किनाऱ्यावर असलेले शेजारी यांत मोठे अंतर आहे. मात्र ही शेजारभावना एकतर्फी असून चालत नाही. १८६९ चे ठाणे बेटवासीयांची गरज लक्षात न घेता उभे राहिले आणि आपले काम संपताच निघून गेले. १९७३ च्या तळाचे अंतिम मूल्यमापनही सागरी सुरक्षेइतकेच या प्रश्नावर होईल की, निकोबारी माणसाची होडी पुन्हा समुद्रात लोटण्यास त्याने किती हातभार लावला.