रंग (तोंडवली किनारा)

तोंडवली-तळाशील (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) या वाळूच्या अरुंद पट्ट्यावरील पाणी, मासळी व माणसाची कातडी यांच्या रंगांची नोंद. वस्तू काही प्रकाश शोषते, उरलेला परतवते. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याला दिसतो.

पाणी : पट्ट्याच्या पूर्वेस गड नदीची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. पावसाळ्यात जांभ्यावरची माती उतरून खाडी तांबूस होते. तो रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हा समज चं. वें. रामन यांनी १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ बोटीवरून मुंबईस परतताना तपासला. निकोल लोलकाने प्रतिबिंब वगळले तरी निळाई राहिली. रामन यांचा भर विकिरणावर होता. तांबडा प्रकाश पाणी शोषते, हा वाटा आता मोठा मानतात.

मासळी : बांगड्याच्या पाठीवरील काळ्या रेषा मेलॅनिनच्या. पोटाच्या चंदेरीला मात्र रंगद्रव्यच नाही. तेथे ग्वानिनचे पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात. थराथरावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना जोर देतात (व्यतिकरण). खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला असे पोट उजळ पाण्यात उठून दिसत नाही. शिनाण्याच्या शिंपल्याची आतली झळाळीही याच जातीची, फक्त थर कॅल्शियम कार्बोनेटचे. माकुलाची तऱ्हा निराळी : कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असून भोवतीचे स्नायू त्या ताणतात, सैल सोडतात. जाळ्यातून काढल्यावरही त्याच्या अंगावर ठिपके काही वेळ उमटत-मिटत राहतात. मासळी घेणारी बाई कल्ला उघडून पाहते, तेव्हा तीही लोहच तपासत असते. ताज्या कल्ल्याचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की तो तपकिरी पडतो.

कातडी : काळपट युमेलॅनिन व तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्यांत जवळपास सारखीच. त्यांनी बनवलेल्या कणांचा आकार, प्रमाण व पसरण निराळी. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के व लाटेचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, त्यामुळे रापणीचे जाळे ओढणाऱ्याची टोपीखालची हनुवटीही रापते. (‘रापण’ व ‘रापणे’ यांचे नाते जोडण्याचा मोह टाळावा.) वर्णाशी निगडित एसएलसी२४ए५ हे जनुक २००५ मध्ये प्रकाशात आले ते माशामुळेच : आपल्याकडील गोड्या पाण्यातल्या झेब्रा माशाच्या फिकट वाणामुळे. या जनुकाचा उजळ वर्णाशी संबंधित प्रकार दक्षिण आशियात व युरोपात एकाच मुळातून आल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. जातवार वर्णाची वर्णने येथे घेतलेली नाहीत.

कोड : रंगपेशी नष्ट झाल्याने, संसर्गजन्य नाही.

कोकम : रंग अँथोसायानिनांचा, आम्लात लाल.

रंगांधळेपण : तांबड्या-हिरव्याचे पुरुषांत अधिक.