फैजपूरची गर्दी आणि रावेरचा कौल

डिसेंबर १९३६मध्ये रावेरच्या शेजारी, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि ते पार पाडायला धनाजी नाना चौधरींसारखे खानदेशी कार्यकर्ते झटले. सारा आणि खंड कमी करावा, कर्जाचं ओझं हलकं करावं, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, अशी कलमं असलेला शेतकी कार्यक्रम तिथं मंजूर झाला. पुढच्या काही आठवड्यांत मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसनं १७५पैकी ८६ जागा जिंकल्या. फैजपूरच्या त्या गर्दीला खानदेशचा कौल म्हणण्याचा मोह म्हणूनच होतो. पण गर्दी म्हणजे लोकमत नव्हे, आणि याचा पुरावा त्याच वर्षानं दिला होता.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्टांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत झालं. नोव्हेंबरात रूझवेल्टनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारणाऱ्या जॉर्ज गॅलपचा अंदाज खरा ठरला. टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांतून नावं घेतली, तर गरिबाचं मत त्यात येणार कुठून? फैजपूरलाही तोच प्रश्न लागू होतो. काम सोडून येणं ज्यांना परवडलं, ते आले. नंतरच्या निवडणुकीत तर मताधिकारच सारा, कर, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार जेमतेम तीन कोटी. बिनजमिनीच्या, निरक्षर सालदाराला त्यात जागा नव्हती. त्याची मागणी ठरावात आली, हे त्या कार्यकर्त्यांचं मोठेपण. मात्र ती मागणी किती जणांची, हे कोणी मोजलं नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, आजची सर्वेक्षणं तरी कुठं खरी ठरतात? आक्षेप रास्त आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक एक्झिट पोल सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देत होते, मिळाल्या २९३. महाराष्ट्रात महायुती ४८पैकी १७ जागांवर थांबली, तरी रावेर आणि जळगाव भाजपकडेच राहिले, तर शेजारचे धुळे व नंदुरबार काँग्रेसकडे गेले. राज्याची सरासरी रावेरला कशी लागू पडेल? २००९पासून लढवला जाणारा हा मतदारसंघ चोपड्यापासून बुलढाण्यातल्या मलकापूरपर्यंत पसरला आहे; सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, केळीचे बागायतदार, भुसावळचे रेल्वे कामगार असे सगळे त्यात येतात. चूक विचारण्यात नाही, अपुरं विचारण्यात आहे. बागायतदारासमोर सालदाराला मत विचारलं, तर वहीत बागायतदाराचंच मत उतरतं. म्हणून सर्वेक्षणाचा आकडा छापून आला की वाचकांनी आधी एवढं विचारावं: कोणाला विचारलं, कोणत्या बोलीत विचारलं, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं?