तळटीप ७ : ‘उजळलेली प्रतिपिंडे’

७. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. ते स्वतः उजळत नाही. त्याला फ्लुरोसीनसारखा रंगरेणू रासायनिक बंधाने जोडतात. निळा प्रकाश टाकला की हा रेणू हिरवा प्रकाश सोडतो आणि प्रतिपिंड ज्याला चिकटते ते एन्झाइम पेशीत कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. युक्ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांची, १९४१-४२ची. त्यांनी शोधले ते मात्र एन्झाइम नव्हे, न्यूमोकॉकस जिवाणूचे अंश. त्यांचा पहिला रंग अँथ्रॅसीनचा, निळा. पण ऊतींचीही स्वतःची निळसर चमक असते, ती त्यात मिसळे. म्हणून फ्लुरोसीन आले. हल्ली पुष्कळदा एन्झाइमला सशाचे साधे प्रतिपिंड चिकटवतात आणि रंग लावतात तो सशाचे प्रतिपिंड ओळखणाऱ्या बकरीच्या प्रतिपिंडाला. वळसा खरा, पण एकाला अनेक चिकटतात, म्हणून उजेड वाढतो.

‘जिथे चमक, तिथे एन्झाइमचे काम चालू’ हे लेखकाचे विधान मात्र सैल आहे. प्रतिपिंड एन्झाइमच्या रेणूचा ठरावीक भाग ओळखते, त्याचे काम नव्हे. निकामी रेणूही चमकू शकतो. काम मोजायला वेगळी चाचणी लागते. — संपादक