गोषा आणि गोऱ्यांची नजर

१/
मुस्लिम स्त्रीच्या पडद्याकडे पाश्चात्त्य जगाने कसे पाहिले, याचा इतिहास बहुधा लंडन, पॅरिस, कैरो येथे शोधला जातो. त्याची एक वाट मात्र जालन्यावरून जाते. निजामाच्या राज्यातील कसबा, इंग्रज अधिकाऱ्यांची छावणी, स्कॉटिश मिशन आणि ‘गोषा’ हा मराठीत मुरलेला शब्द यांच्या आधाराने ही वाट पाहू. #थ्रेड

२/
आधी शब्द. फारसी ‘गोशा’ म्हणजे कोपरा, एकांत. मराठीत ‘गोषा’ म्हणजे परपुरुषाच्या दृष्टीस न पडण्याची रीत. मराठीने हा शब्द एकाच धर्मापुरता ठेवला नाही. मराठा सरदारांच्या आणि संस्थानिकांच्या घराण्यांतही गोषा होता. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी तो जाहीरपणे सोडला तो १९१४ मध्ये.

३/
गोषा ही ऐपतीचीही बाब होती. उंच भिंतींचा वाडा, पाणी भरायला नोकरचाकर, बाहेर जाण्यासाठी पडदे लावलेला मेणा असेल तरच तो पाळता येई. मराठवाड्यातील शेतमजूर, विणकर, बागवान घरांतील मुस्लिम स्त्री शेतात, मागावर, बाजारात दिसत असे. डोक्यावरचा पदर हाच तिचा आडोसा होता, आणि शेजारच्या हिंदू स्त्रीचाही तोच होता.

४/
आता जालना. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने मराठी फौजांचा पराभव केला. पुढे जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची, अधिकारी इंग्रज. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानातच राहिला.

५/
छावणीतील अधिकाऱ्याला कष्टकरी मुस्लिम स्त्री रोजच दिसत असणार. परंतु साहेबांच्या पुस्तकांत आणि चित्रांत शिरली ती न दिसणारी, जनान्यातील स्त्री. जे दिसत होते ते नित्याचे वाटले. जे दिसत नव्हते तेथे कल्पनेला मोकळे रान मिळाले. ‘पौर्वात्य स्त्री’ची युरोपीय प्रतिमा बव्हंशी या बंद दारावर रंगवलेली आहे.

६/
छावणीमागून मिशन आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालन्यात काम उभे केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ ही वसाहत वसवली. गोषातील घरांत पुरुष मिशनऱ्याला प्रवेश नव्हता. या अडचणीतूनच भारतभर स्त्रियांची ‘जनाना मिशने’ वाढली. चर्च ऑफ इंग्लंडची स्वतंत्र जनाना मिशनरी सोसायटी १८८० ची.

७/
या स्त्रियांनी अक्षरओळख दिली, औषधे दिली. ते काम खरे होते आणि त्याची गरजही खरी होती. मात्र मायदेशी वर्गणी गोळा करायची तर करुणा जागवावी लागे. त्यामुळे मिशनच्या साहित्यात जनाना म्हणजे अंधार, कोंडवाडा, मुकी वेदना असे ठरीव चित्र वारंवार येते. घरातील व्यवहार पाहणारी, हिशेब राखणारी, मुलांच्या सोयरिकी ठरवणारी बेगम त्या चित्रात मावत नव्हती.

८/
येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. इस्लामी कायद्याने विवाहित स्त्रीची मालमत्ता तिच्या स्वतःच्या नावे राहते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर असा पुरता हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. म्हणजे १८७५ साली जनान्यातील बेगमेची कीव करणाऱ्या विवाहित इंग्रज बाईला कागदोपत्री त्या बेगमेइतकाही हक्क नव्हता. अर्थात बेगमेचा हक्क प्रत्यक्षात किती पाळला जाई, हा प्रश्न उरतोच.

९/
हा फरक काहींना दिसला होता. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१७ मध्ये तुर्कस्तानात पोहोचली. बुरख्याआड ओळख लपत असल्याने तेथील स्त्रिया निर्धास्त हिंडतात आणि त्यांचा पैसा त्यांच्याच हाती असतो, असे तिने पत्रांत नोंदवले. तिने पाहिल्या त्या उच्चकुलीन स्त्रिया, हे खरे; पण ती त्यांच्या घरांत गेली होती.

१०/
पडद्याविषयीच्या कळवळ्याचे राजकारण लॉर्ड क्रोमरमध्ये स्पष्ट दिसते. १८८० ते १८८३ हिंदुस्थान सरकारचा वित्त सदस्य, नंतर १९०७ पर्यंत इजिप्तचा खरा सत्ताधीश. पडद्यामुळे इजिप्त मागास राहिला, असे त्याचे ठाम मत. त्याच्याच अमदानीत तेथील सरकारी शाळांचे शुल्क वाढले. इंग्लंडला परतल्यावर तो स्त्री-मताधिकाराला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय संघाचा अध्यक्ष झाला. त्याच्यानंतर ते पद भूषवले आपल्या माजी व्हाइसरॉय कर्झनने.

११/
वेगळा प्रश्न विचारणारी स्त्री महाराष्ट्रातील होती. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिक, १८६६. शिक्षण पुण्याचे डेक्कन कॉलेज. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी हाती पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. पडदा नसलेल्या देशातही दारे बंद होती.

१२/
१९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये ती हिंदू-मुस्लिम पडदानशीन स्त्रियांची कायदेविषयक सल्लागार होती. तिचा प्रश्न साधा होता: या बाईने ज्या कागदावर अंगठा उमटवला, तो तिला कोणी वाचून दाखवला का? जमीन तिची, पण कारभारी, वकील, कोर्ट सारे पुरुष आणि पडद्यापलीकडचे.

१३/
या प्रश्नाला आधीचा एक निवाडा पूरक होता. बजलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम, प्रिव्ही कौन्सिल, १८६७. पतीने आपले सरकारी रोखे घेतले, अशी बेगमेची तक्रार होती. व्यवहार प्रामाणिक होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायाधीशांनी पतीवर टाकला आणि मालमत्तेबाबत बेगमेच्या बाजूने निकाल दिला. तिने पडदा घ्यावा की टाकावा, यावर निर्णय अडला नाही.

१४/
सोराबजीच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. ब्रिटिश राज्यावर तिची निष्ठा होती. कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’चे (१९२७) तिने समर्थन केले आणि अनेक स्नेही गमावले. मेयोच्या हाती स्त्रियांचे दुःख हिंदी लोक स्वराज्याला अपात्र असल्याचा पुरावा झाले होते. उलट, डॉ. रखमाबाईंनीही पडदा जावा असे १९२९ मध्ये लिहिले. मागे उभी होती ती स्त्रियांवर उपचार करण्यात गेलेली हयात.

१५/
नजर उलटही वळली. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांची रोजनिशी लाहोरच्या उर्दू स्त्री-नियतकालिकात छापली गेली आणि १९२१ मध्ये तिचे पुस्तक झाले. ज्यांच्याकडे पाहिले जात होते त्यांच्यातील एक आता इंग्लंड न्याहाळून मायदेशीच्या बायांना सांगत होती.

१६/
विसाव्या शतकात सत्तेने हा प्रश्न वारंवार हाती घेतला. इराणमध्ये १९३६ साली पडदा सक्तीने उतरवला गेला. १९७९ च्या क्रांतीनंतर सक्तीनेच चढवला गेला. मे १९५८ मध्ये अल्जिअर्सला फ्रेंच राजवटीच्या सभांत बुरखे उतरवण्याचे जाहीर सोहळे झाले. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत शिरोवस्त्राला आणि २०१० मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याला बंदी केली. दिशा निरनिराळ्या, ठरवणारी मात्र ती स्त्री नव्हती.

१७/
शेवटी पुन्हा महाराष्ट्र. १८ एप्रिल १९६६, मुंबई. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी विधानभवनावर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची, समान नागरी कायद्याची. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली.

१८/
गोषामुळे स्त्रियांची शाळा, औषधपाणी, मोकळी हवा हिरावली गेली, हे नाकारता येणार नाही. सर्वांत परखड टीका आतूनच आली आहे. परंतु छावणी, मिशन आणि साम्राज्य यांना कापड आधी दिसले. सोराबजीला कागदावरचा अंगठा दिसला आणि त्या सात जणींनी तलाकाचा प्रश्न मांडला. आजही या विषयावर वाद पेटला की एवढे तपासावे: चर्चा तिच्या चेहऱ्याची चालली आहे की तिच्या हक्काची? (समाप्त)