रोबोट व्हॅक्यूम क्लिनर बंद पडल्यास : घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

स्वतःहून केर काढत घरभर फिरणारे वाटोळे यंत्र एके दिवशी कळ दाबूनही हलत नाही. दिवा लागत नाही, आवाजही येत नाही. अशा वेळी बॅटरी गेली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि चांगले यंत्र अडगळीत पडते. प्रत्यक्षात अनेकदा दोष यंत्रात नसून वीज यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या मार्गात असतो. म्हणून तपासणीचा आरंभ भिंतीवरील सॉकेटपासून करावा आणि बॅटरीकडे शेवटी वळावे.

बिघाडाच्या कारणावर स्थानिक हवेचाही परिणाम होतो. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतील घरांत उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते आणि यंत्राच्या तळाशी थर धरते. गोव्याच्या किनारपट्टीवर हेच काम दमट, खारी हवा करते. तेथे धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. दोन्हीकडे परिणाम एकच : यंत्र डॉकवर बसलेले दिसते, परंतु चार्ज होत नाही.

सॉकेट आणि ॲडॅप्टर

प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येत असल्याची खात्री करावी. नंतर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ॲडॅप्टरच्या पिनवरील दाब मोजावा व तो ॲडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. दाब शून्य असल्यास दोष तेथेच आहे. मोजणी डॉकच्या पट्ट्यांवर करून निर्णय घेऊ नये. यंत्र बसल्याशिवाय काही डॉक पूर्ण दाब देत नाहीत.

पट्ट्या आणि कळा

यंत्राच्या तळाच्या आणि डॉकवरील चार्जिंगच्या पट्ट्या वीजपुरवठा काढून खोडरबराने हलके घासाव्यात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसून कोरड्या कराव्यात. पॉलिश पेपर वापरू नये. वरचा मुलामा निघाल्यास गंज अधिक लवकर धरतो. काही यंत्रांना बाजूला किंवा तळाशी वेगळा मुख्य स्विच असतो, तो चालू आहे ना हे पाहावे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कळ काही सेकंद दाबून धरल्यास अडकलेली प्रणाली पुन्हा सुरू होऊ शकते.

बॅटरी

अनेक यंत्रांत लिथियम-आयनचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. अशा बॅटरीवर १४.४ व्होल्ट असे छापलेले असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तिचा दाब सुमारे १६.८ व्होल्ट भरतो. घर दीर्घकाळ बंद राहिल्यास दाब फार खाली जातो आणि बॅटरीतील संरक्षक परिपथ तिला तोडून ठेवतो. पट्ट्या स्वच्छ केल्यावर दिवसा, घरात कोणी असताना, यंत्र काही तास डॉकवर ठेवून पाहावे. त्याने फरक न पडल्यास त्याच दाबाची, त्याच जोडणीची आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेली बॅटरी बसवावी.

बाहेरून तारा जोडून संरक्षक परिपथाला वळसा घालण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्यातून आग लागू शकते. बॅटरी फुगलेली, तापलेली किंवा वास येत असलेली आढळल्यास चार्जिंग त्वरित थांबवावे. यंत्रात पाणी गेले असल्यास, विशेषतः फरशी पुसणाऱ्या प्रकारात, ते पूर्ण कोरडे झाल्याशिवाय डॉकवर ठेवू नये.

दिवा लागतो, पण यंत्र थांबते

ही स्थिती वेगळी आहे. चाकांत व ब्रशच्या टोकांना गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढावेत. पायरीची कड ओळखणारे तळाचे सेन्सर कोरड्या कापडाने पुसावेत. त्यांवर धूळ साचल्यास यंत्राला सपाट फरशीही खड्डा भासते. पुढचा बंपर दाबून सोडल्यावर मोकळा परत येतो का, हेही पाहावे.

घरची मर्यादा

हमीचा काळ शिल्लक असल्यास स्क्रू उघडण्यापूर्वी सेवा केंद्राकडे जावे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टल सुरू केले असून त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीसंबंधी माहिती मिळते. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. निकामी बॅटरी घरच्या केरात टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

महिन्यातून एकदा पट्ट्या व सेन्सर पुसणे आणि गावाला जाण्यापूर्वी बॅटरी निम्म्याहून अधिक चार्ज करून मुख्य स्विच बंद करणे, एवढ्या काळजीने यातील बरेच बिघाड टळतात.